गालातला हिरडा

होळी झाली की आमच्या वस्तीवर मोकळी जागा म्हणून उरत नाही. मार्गासनीच्या आसपास कुठल्याही वाडीत जा, पत्र्यांवर, कातळावर, देवळाच्या ओट्यावर, जुन्या साड्या अंथरून हिरडा वाळत पडलेला असतो. आज सकाळी तर एसटीच्या शेडमध्येसुद्धा कुणीतरी पोतं पसरून ठेवलं होतं. काही हिरवे, काही पिवळट, काही काळे पडत चाललेले बाळहिरडे. बसायला जागा नव्हती म्हणून मी उभी राहिले आणि नुसतं त्यांच्याकडे बघूनच माझे गाल आतून ओढले गेले.

ही ओढ आमच्याकडे सगळ्यांच्या ओळखीची आहे. मला मात्र ती सहा वर्षांपूर्वीच्या एका चैत्रात नेऊन उभी करते. आज वाइनचं नवं ब्लेंड, म्हणजे मिश्रण, चाखायचं होतं आणि त्याआधी त्या चैत्रातली सहावी बाटली उघडायची होती. ती शेवटची. त्या बाटलीकडून मला काय हवं होतं ते मी कुणाला बोलले नव्हते, पण मला ठाऊक होतं. ती चांगली निघायला हवी होती.

कामथडीच्या अलीकडे अण्णांची छोटी वायनरी आहे, तिथं मी काम करते. अण्णा मूळचे शेतकरी. उसाच्या जागी त्यांनी द्राक्षाच्या वेली लावल्या तेव्हा भावकीनं त्यांना वेड्यात काढलं होतं. मी भोरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले, लग्न झालं, दहा वर्षं चूल आणि गोठा बघितला आणि मग तिथल्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला म्हणून लागले. वस्तीवर अजूनही “शैला दारूच्या कारखान्यात जाती” असंच म्हणतात. सुरुवातीला मी समजावून सांगत असे. आता नाही सांगत.

चाखायचं काम मला कुणी दिलं नव्हतं. एकदा टाकीतला नमुना काढताना वास घेतला आणि सहज म्हणाले, ही शेजारच्या टाकीसारखी नाही, काहीतरी आंबतंय. पुण्याहून महिन्यातून दोनदा येणारे सल्लागार होते, त्यांना आम्ही सर म्हणतो. त्यांनी तपासलं तर खरंच आंबत होतं. त्या दिवसापासून प्रत्येक चाखणीला माझ्यापुढेही ग्लास येऊ लागला. तोंडात घ्यायचं, फिरवायचं, जिभेखाली, गालांत, हिरड्यांपाशी न्यायचं आणि बादलीत थुंकायचं.

“थुकतीस व्हय?” सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना पटेना. “मग त्वांडात घेतीस तरी कशाला?”

“चव कळायला, आत्या.”

“चव कळल्याव थुकावंच लागतंय म्हंजी लई वंगाळच आसंल.”

पण खरं सांगायचं तर जीभ मला त्यांनीच दिली. सासूबाईंना मी आत्या म्हणते. हिरडा पारखण्यात आमच्या खोऱ्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ढिगातला एक उचलायच्या, दाढेखाली फोडायच्या, तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटायच्या आणि बाकी बायका गप्प उभ्या राहायच्या. “ह्याला वढ न्हाई. झाडावं लई ऱ्हायला,” असं त्या म्हणाल्या की तो ढीग बाजूला जायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात त्यांनी मला शेजारी बसवलं. तुरट आणि कडू यातला फरक, जिभेच्या टोकाला लागतं ते आणि गालाला लागतं ते, लगेच जातं ते आणि बसून राहतं ते. सरांनी मला टॅनिन हा शब्द शिकवला तेव्हा मला हसूच आलं होतं. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत जे असतं, ज्यानं तोंड कोरडं पडतं, ते मी कितीतरी वर्षं घराच्या पत्र्यावर वाळवत होते.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या चैत्रातलं ब्लेंड अण्णांचं पहिलं होतं. तोवर त्यांची द्राक्षं दुसरे घेऊन जात आणि दुसऱ्यांच्या नावानं ती बाटलीत भरली जात. कॅबर्ने आणि शिराज अशी दोन जातींची द्राक्षं, त्यांचं मिश्रण, लाकडी पिंपात जेमतेम वर्षभर मुरलेलं. अण्णांनी बाटलीवर लावायची चिठ्ठीसुद्धा छापून आणली होती. तिच्यावर गावाचं नाव होतं. ते गठ्ठ्यातली एक चिठ्ठी सारखी खिशात घेऊन फिरत आणि बोलता बोलता काढून बघत. तिकडे नवी द्राक्षं आली होती, टाक्या उकळ्या मारत होत्या, सगळीकडे चिलटं उठली होती आणि नव्या वाइनला पिंपं रिकामी हवी होती. सर मात्र दर खेपेला म्हणायचे की कच्ची आहे, पावसाळा काढू द्या.

म्हणून एक दिवस ठरला. त्या दिवशी तिघांनी चाखायचं आणि सांगायचं, भरायची की ठेवायची.

चाखणीच्या दिवसाचे सरांचे नियम कडक असत. अत्तर नाही, पावडर नाही, गजरासुद्धा नाही. सकाळपासून चहा नाही, कांदा-लसूण नाही, पोटात काही नाही. मधे तोंड साफ करायला कोरड्या पावाचा तुकडा, पाणी नाही. मी ते नियम व्रतासारखे पाळायची. त्या दिवशी अंघोळीला साबणही बिनवासाचा घेतला होता. फक्त चार दिवस खोकला होता. निघताना आत्यांनी कमरेच्या पिशवीतून एक बाळहिरडा काढला, अडकित्त्यानं फोडला आणि निम्मा माझ्या हातावर ठेवला.

“गालात ठिव. नसरापूर येस्तवर थांबंल खोकला.”

मी ठेवला. एसटीत तो हळूहळू विरघळत राहिला. खोकला थांबला. गेटपाशी उरलेला चोथा थुंकून मी आत गेले.

“काही खाल्लं नाही ना?” सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं.

“काही नाही सर,” मी म्हणाले.

मी खोटं बोलले नव्हते, हे मला आजही सांगावंसं वाटतं. आमच्याकडे हिरडा खाण्यात धरतच नाहीत. तो औषध. तान्ह्या पोराला उगाळून चाटवतात, उपासाला चालतो, परीक्षेला जाणाऱ्या पोरीच्या दप्तरातही टाकतात. सकाळपासून काय खाल्लंस असं मला कुणी दहा वेळा विचारलं असतं तरी दहाही वेळा हिरडा माझ्या डोक्यात आला नसता.

तीन ग्लास होते. जांभळा, जवळजवळ काळा रंग, कडेला शाईसारखी झाक. सरांनी घेतलं, फिरवलं, थुंकलं. त्यांचे ओठ आत ओढले गेले. “अजून कच्ची आहे अण्णा. टॅनिन अंगावर येतंय. फळाची चव आहे मागे, पण कळू देत नाही.” अण्णांनी घेतलं. त्यांना चव कळते, पण त्या दिवशी त्यांना कळून घ्यायचं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.

मी घोट घेतला. करवंदं, काळी मिरी, ओल्या लाकडाचा वास, सगळं अगदी स्पष्ट. मी ओढीची वाट बघत राहिले. ती आलीच नाही. आली ती अगदी हलकी, आणि तिच्यामागून एक गोडसर मऊपणा पसरत गेला. मी दुसरा घोट घेतला. तोच मऊपणा. मला आनंद झाला, आणि त्याहून जास्त चढला तो माज. पुण्याच्या माणसाला जे लागलं नाही ते मला लागलंय.

“नाही सर,” मी म्हणाले. “मऊ झालीय. तयार आहे.”

सरांनी भुवया वर केल्या. “शैलाताई, परत एकदा बघा.”

“दोनदा बघितलं.”

मग अण्णांनी खिशातली चिठ्ठी काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ताई म्हनत्यात तर भरू.”

सर वाद घालणाऱ्यातले नाहीत. त्यांनी वहीत त्यांचं मत लिहिलं, खाली माझं लिहिलं आणि वही मिटली.

मी बाहेर आले, पडवीतल्या माठातून तांब्या भरला आणि घटाघटा प्यायले. पाणी गोड लागलं.

किती गोड लागलं ते ज्यानं हिरडा किंवा आवळा चघळलाय त्यालाच कळेल. मी तांब्या हातात धरून उभी राहिले. मनात आलं, माठ नवा असेल. नळाचं पाणी ओंजळीत घेतलं. तेही गोड. मग गालात जीभ फिरवली आणि दाढेच्या सांध्यात अडकलेला एक बारीक काळा तुकडा जिभेला लागला. तो बोटावर घेऊन बघितला. हिरडा. मी वाइन चाखलीच नव्हती. हिरड्यापुढे ती ओढ मला फिकी वाटली होती आणि मऊपणा म्हणून जो लागला तो हिरड्याचाच मागे राहिलेला गोडवा होता.

आत यंत्र सुरू झालं. हातानं बूच दाबायचं साधं यंत्र. मंगल ते चालवायची. बाटली खाली ठेवायची, दांडा ओढायचा, ठक. पुढची बाटली, ठक. आणखी दोघी चिठ्ठ्या लावत होत्या आणि अण्णा लग्नघरातल्यासारखे मधे उभे होते.

त्या वेळी सरळ आत जाऊन बोलायला हवं होतं. मी गेले नाही. इथंच मी चुकले. हिरड्याची चूक त्यामानानं लहान म्हणायची. मी प्रयोगशाळेत जाऊन बसले. स्वतःला समजावलं की कदाचित तयार असेलही. डब्यातली चतकोर भाकरी खाल्ली, चुळा भरल्या, पाणी पाण्यासारखं लागेपर्यंत थांबले. मग सकाळच्या नमुन्यातला उरलेला घोट घेतला. जीभ टाळ्याला चिकटली. हिरड्या आवळल्या गेल्या. करवंदं नाहीत, मिरी नाही, तोंडात कुणी गोणपाट फिरवावं तशी नुसती ओढ. सर शब्दाशब्दानं खरे होते.

आणि तरीही मी उठले नाही. बाहेर चहा आला. मंगलनं हाक मारली, मी गेले, सगळ्यांसोबत चहा घेतला. अण्णा मंगलला सांगत होते, “ताईंनी छातीठोक सांगितलं बग, म्हनून भरली. न्हाईतर ह्यो पावसाळा बी गेला आसता.” सहा वर्षं झाली, त्या चहाची आठवण झाली की अजून कान तापतात. मी गप्प राहिले असते तर कुणालाच कळलं नसतं. कच्ची निघाली असती तर लोक म्हणाले असते, भोरकडची वाइन अशीच तुरट असते. दोष गावाच्या नावावर गेला असता, माझ्या नाही.

चहा झाला. मंगलनं पुन्हा दांडा धरला. ठक. चिठ्ठी लावलेल्या बाटल्यांची रांग उन्हात दिसत होती, प्रत्येकीवर गावाचं नाव. ते मला बघवेना.

“मंगल, थांब,” मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघाला की तिनं दांडा सोडूनच दिला. “अण्णा, भरू नका. माझ्या तोंडात हिरडा होता.”

कुणाला काही कळेना. मला सगळं पुन्हा सांगावं लागलं, आत्यांनी दिलेल्या तुकड्यापासून माठातल्या पाण्यापर्यंत. चहाच्या आधीच मला कळलं होतं, हेही सांगितलं. ते सांगताना माझी मान वर होत नव्हती. त्या दोघींपैकी एक तोंडाला पदर लावून हसली. सर हसले नाहीत. अण्णाही नाहीत.

“हिरडा मी समजू शकतो,” अण्णा म्हणाले. “पन चहा पीस्तवर गप बसला तुमी. आता मी कुनाच्या जिभंवर इस्वास ठिवायचा?”

साठेक बाटल्या भरून झाल्या होत्या. बुचं काढून त्या पुन्हा पिंपात ओतल्या. अण्णांनी सहा तेवढ्या ठेवायला लावल्या. का, ते सांगितलं नाही. मला फक्त एवढंच म्हणाले, “यंदा तुमी चव बगू नका.”

घरी आल्यावर आत्यांना सांगितलं. त्या हिरडा निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “म्हंजी माज्या हिरड्याला वढ व्हती म्हनायची.” मी रडकुंडीला आले तेव्हा मान वर केली. “म्या ढीग बगाया जाती तवा आदी चूळ भरती. का? आदल्या ढिगाची चव फुडल्या ढिगाव जाऊ नये म्हनून. तुला इतक्यांदा दाखिवलं की गं.” खरंच दाखवलं होतं. मी बघितलं होतं, पण त्या चूळ भरण्यात काही शिकण्यासारखं आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तो पावसाळा मी काचेची भांडी धुतली. आंबटपणा मोजला, आकडे लिहिले, तापमान बघितलं. चाखणी असली की मला निरोप यायचा नाही. आतून थुंकल्याचे, हळू बोलल्याचे आवाज यायचे आणि मी नळ मोठा सोडून ठेवायची. आपल्या शब्दाला किंमत आहे हे ती जाईपर्यंत मला कळलंच नव्हतं.

दिवाळीनंतर एक दिवस अण्णांनी आत बोलावलं. टेबलावर ग्लास होता आणि त्याच्या शेजारी स्टीलचा पेला.

“आदी पानी,” ते म्हणाले. “कसं लागतंय सांगा.”

मी प्यायले. “पाण्यासारखं.”

मग त्यांनी ग्लास पुढं केला. त्या दिवशी सर म्हणत होते, आता भरायला हरकत नाही. मी चाखलं. फळ पुढे आलं होतं, ओढ मागे सरली होती, पण गेली नव्हती. मला हो म्हणायचं होतं. सगळ्यांनाच ते ऐकायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, “संक्रांतीपर्यंत थांबू.” अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि थांबले. संक्रांतीनंतर भरलेली ती वाइन लोकांना आवडली, पण त्याचं श्रेय मी घेत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. दर चैत्रात नवं ब्लेंड चाखायच्या आधी सगळ्यांनी पाणी प्यायचं, अगदी सरांनीसुद्धा, आणि कसं लागलं ते मोठ्यानं सांगायचं. मग त्या सहांपैकी एक बाटली उघडायची. अण्णा त्यांना घाईच्या बाटल्या म्हणतात. पहिल्या वर्षी ती तोंडात धरवत नव्हती. दुसऱ्या वर्षी तशीच. तिसऱ्या वर्षी जरा बरी लागली आणि तेव्हापासून माझ्या मनात एक वेडी आशा धरून बसली. बाटलीतही वाइन मुरते म्हणतात. चौथ्या वर्षी मीच म्हणाले, सुधारतेय. पाचव्या वर्षी अण्णा हो म्हणाले. मला वाटायचं, शेवटची बाटली चांगली निघाली तर म्हणता येईल, मी चुकले नव्हते, फक्त जरा लवकर बोलले.

आज सकाळी शेडमध्ये उभी असताना माझ्या डोक्यात हेच होतं. एसटीत मी खोकले तशी शेजारच्या बाईनं हिरडा पुढे केला. मी हात जोडले.

वायनरीत मंगलनं पेले मांडले होते. आत्या आता थकल्यात, घराबाहेर पडत नाहीत, पण निघताना त्यांनी आठवण केली होती, “चूळ भर.” मी तिथं पोचल्यावर पुन्हा भरली. सगळे पाणी प्यायले.

“कसंय?” अण्णांनी विचारलं.

“पाण्यासारखं.”

सहावी बाटली उघडली. चिठ्ठी पिवळी पडली होती, तिच्यावरचं गावाचं नाव मात्र ठळक होतं. सरांनी ग्लास नाकाशी नेला, घोट घेतला आणि हसून माझ्याकडे बघितलं. माणूस मोठ्या मनाचा आहे. “झाली की छान, शैलाताई. अगदी मऊ. तुमचं तेव्हाचं मत खरं केलं म्हणायचं हिनं.”

मंगलनं माझ्याकडे बघून मान डोलावली. इतकी वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते मला आयतं मिळालं होतं. मी नुसतं हो म्हणायचं बाकी होतं.

मी घोट घेतला. गालांत नेला, जिभेखाली नेला. डोळे मिटले. करवंदं शोधली. मिरी शोधली. ओढ खरंच पुष्कळ कमी झाली होती, सर खोटं बोलत नव्हते. पण तिच्यामागे काहीच नव्हतं. जे फळ पुढे यायचं होतं ते बाटलीत वाट बघून बघून संपून गेलं होतं. मी आणखी एकदा शोधलं, मला ते सापडायला हवं होतं म्हणून. मग थुंकले.

“नाही सर,” मी म्हणाले. सहा वर्षांपूर्वी हेच दोन शब्द याच खोलीत याच माणसाला म्हणाले होते. “मऊ नाही. रिकामी आहे. फळ गेलंय. ही घाईनंच मेली.”

अण्णांचा ग्लास अजून टेबलावर भरलेला होता. दर वर्षी ते स्वतः चाखून बघायचे, माझ्यानंतर, न चुकता. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले.

त्यांनी ग्लास उचलला आणि तोंडाला न लावता थुंकायच्या बादलीत उपडा केला. मग बाटलीही उपडी केली, शेवटच्या थेंबापर्यंत. नव्या पिंपातल्या वाइननं स्वच्छ ग्लास भरला आणि सगळ्यांत आधी माझ्यापुढे ठेवला.

“आता हिचं सांगा,” ते म्हणाले.